मधली

फोन आला तेव्हा मी शीळफाट्याला अडकलेलो. अडकलेलो म्हणजे आपलं नेहमीचं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे एक टेम्पोवाला हॉर्नवर कोपर टेकवून बसलेला. नंबर अनोळखी होता. "मी वृषालीची ताई बोलतेय, नाशिकहून आलेय," एवढं ऐकलं आणि काहीतरी झालंय हे कळलं, कारण वृषालीच्या घरून मला कधी कुणी फोन केलाच नव्हता. ती स्वतःसुद्धा तीन शब्दांच्या वर मेसेज करायची नाही. डेंग्यू झाला होता, म्हणाल्या. आठ दिवसांत आटोपलं, आज सकाळी गेली. कुणीतरी पत्ता सांगत असल्यासारखा मी नुसता "हो, हो" म्हणत राहिलो. त्यानंतर सव्वा तास मी त्याच जागी होतो. डोंबिवली तिथून हाकेच्या अंतरावर, आणि मी पोचलो तोवर तिला नेलेलंसुद्धा होतं. रस्त्याला शिव्या घातल्या, टेम्पोवाल्याला घातल्या, डासांना घातल्या... नंतर जिन्यात बसल्यावर वाटलं, हे वृषालीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरं झालं, तुलाही जरा कळलं. अडकून राहण्याच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

याला आता दीड महिना झाला. वृषालीचं नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काहीच कारण नाही. पण तिची चित्रं तुमच्या मुलांनी बघितली आहेत, हजारोंनी बघितली आहेत. समजा कार्टूनमध्ये एक ससा उडी मारतो. जमिनीवर दबा धरलेला ससा आणि हवेतला ससा, ही दोन मुख्य चित्रं एक जण काढतो. त्यांना 'की' म्हणतात, आणि की काढणाऱ्याचं नाव शेवटी पडद्यावर येतं. या दोन चित्रांच्या मधे जी आठ-दहा चित्रं लागतात, ज्यांच्यामुळे ससा खरोखर उडतो, ती दुसरंच कुणीतरी काढतं. स्टुडिओतली आमची मराठी पोरं त्यांना 'मधली' म्हणायची. मधली झाली का, मधली कुणाकडे आहेत, मधली सोमवारपर्यंत पाहिजेत. वृषालीने बावीस वर्षं फक्त मधली काढली. त्यात ती तीन बहिणींतली मधली, आणि वडील तिला नावापेक्षा "मधले" अशीच हाक मारायचे. घरातही मधली, कामातही मधली, हा विनोद ती स्वतः करायची. दुसऱ्याने केला की मात्र तिला खपायचा नाही.

आमची ओळख ओगले सरांच्या क्लासमधली. डोंबिवली पूर्वेला पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर तो चालायचा. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची आणि आमच्या रेषाही. सर म्हणायचे, गिरणी बंद असताना सरळ रेषा कुणीही काढेल. बाहेर पाटी होती, ॲनिमेशनसाठी शरीररचना व पात्ररेखाटन. आम्ही बारा-तेरा जण कार्टूनं काढायला मिळतील म्हणून गेलेलो, आणि सरांनी पहिले आठ महिने आम्हाला एक कार्टून काढू दिलं नाही. आधी हाडं काढा, मग त्यावर मांस चढवा, मग तो माणूस उभा करा. उभा केला की सर मागून येणार आणि एवढंच विचारणार, "भार कुठंय?" म्हणजे हा कोणत्या पायावर उभा आहे? भार एका पायावर आला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं, खांदा खाली येतो, मान तोल सांभाळायला कलते. हे जमलं तर माणूस उभा राहतो, नाहीतर खुंटीला टांगलेला दिसतो. सरांचं दुसरं पालुपद होतं, "ऐकू नका, बघा." तुमचं डोकं सांगत असतं की कान असा असतो, नाक तसं असतं. त्या डोक्याचं ऐकायचं नाही, समोर काय आहे ते बघायचं. वृषाली हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून आलेली, शुभेच्छापत्रावर लिहितात तसं वळणदार अक्षरात. तिला तेव्हा सगळंच छान लिहायची हौस होती.

शरीररचना शिकायची तर सांगाडा हवा. सरांनी एका डॉक्टर झालेल्या मुलाकडून त्याचा जुना प्लास्टिकचा सांगाडा आणलेला. त्याचं नाव बंडोपंत. बंडोपंतांना बाकी सगळं होतं, फक्त दोन्ही हात मनगटापासून गायब. कुठे गेले ते सरांनाही माहीत नव्हतं. परिणाम असा की आमच्या अख्ख्या बॅचला मनगटापर्यंत माणूस झकास यायचा आणि पुढे बोंब. आमची पात्रं खिशात हात घालून उभी राहायची, पाठीमागे हात बांधून फिरायची. बायका काढल्या तर दोन्ही हात पदराखाली. मी एकदा पैलवान काढला, तोही हाताची घडी घालून. सर म्हणाले, हा कुस्ती खेळायला नाही, बघायला आलाय. वृषाली यावर इतकी हसली की मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मी आगरी. आमचं गाव आता डोंबिवलीच्या पोटात गेलंय, पण तेव्हा घरामागे थोडी भातशेती उरलेली. माझ्या बापाला हा क्लास म्हणजे थट्टा वाटायची. "उघडी मानसां बघाला क्लासला कनाला जातंस? खाडीवर जा, पायजे तेवरी दिसतील," असं तो चारचौघांत म्हणायचा. आईने मात्र एकदा माझी वही उघडली. त्यात मी भात लावणारी बाई काढलेली. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही बाय अशी वाकली तं संध्याकाली उठल कशी?" मी वृषालीला हे सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी थेट आमच्या घरी हजर. तिने आईला अंगणात वाकायला लावलं, चार बाजूंनी काढलं, आणि आईच्या पाठीची ती रेषा पुढे कितीतरी सशांत, माकडांत आणि राक्षसांत गेली असेल. आई शेवटपर्यंत विचारायची, ती बामनाची पोरगी काय करते रे? मी म्हणायचो, घरीच असते.

घरीच असते, याचं कारण सांगायला हवं. क्लासच्या दुसऱ्या वर्षी तिच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. शाळेत गणित शिकवणारा कडक माणूस. आई आधीच गेलेली, थोरली लग्न होऊन नाशिकला, धाकटी बारावीत. बाबांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पण वाचा पूर्ण गेली नाही, एक शब्द राहिला. 'थांब'. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, एखादाच शब्द उरतो आणि माणूस सगळ्याला तोच वापरतो. पाणी हवं, थांब. पंखा बंद कर, थांब. भाजी चांगली झालीय, थांब. मी पहिल्यांदा त्यांना बघायला गेलो तो प्रसंग आठवला की अजून हसू येतं आणि लगेच जातं. तिसरा मजला, वन रूम किचन, दारासमोरच त्यांची खाट. मी एक पाय आत टाकला आणि ते म्हणाले, "थांब." मी थांबलो. ते पुन्हा म्हणाले, थांब. मी म्हटलं, थांबलोय काका. ते चिडले. वृषाली आतून आली आणि मला दारात पुतळ्यासारखा बघून म्हणाली, "अरे पाटील, ते बस म्हणतायत. हात बघ ना." खरंच, त्यांचा डावा, चांगला हात खुर्ची दाखवत होता. मग तिने मला घरचा नियम सांगितला. तोंडाकडे लक्ष द्यायचं नाही, हाताकडे बघायचं. तोंड एकच बोलतं, हात खरं बोलतो. म्हणजे सरांचंच वाक्य तिच्या घरात येऊन बसलेलं.

आणि त्या घरातच तिला हात आले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलेलं की गेलेल्या उजव्या हाताची मूठ दर दोन तासांनी उघडायची, एकेक बोट सरळ करायचं, पुन्हा मिटायचं. वीस वेळा. नाहीतर हात कायमचा आखडेल. वृषाली दिवसातून सात-आठ वेळा ते करायची. कोणतं हाड कुठे सुरू होतं, अंगठ्याच्या बुडाशी मांस कसं सरकतं, मूठ मिटताना करंगळी आधी वळते की तर्जनी, हे तिला बोटांनी कळलं. मग ते कागदावर उतरायला लागलं. एके दिवशी तिने क्लासमध्ये हातांचं एक पान आणलं, चाळीसेक हात, झोपलेले, वैतागलेले, मागणारे, लाजलेले. सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, बंडोपंतांना दाखवून ये. सर कुणाचं कौतुक करायचे ते असंच.

त्या वर्षीच्या दहीहंडीला सरांनी आम्हाला टेंभी नाक्यावर चित्रं काढायला पाठवलं. धाकटी घरी होती म्हणून वृषालीला चार तास मिळालेले. आम्ही सगळे मान वर करून वरच्या थरावरची पोरं काढत होतो. ही एकटी मांडी घालून फुटपाथवर बसली आणि सबंध वेळ फक्त सगळ्यात खालच्या थरातली माणसं काढत राहिली. पोटऱ्या, टाचा, एकमेकांच्या खांद्यांवर रोवलेले हात, दाबलेले गाल. मी म्हटलं, अगं वर बघ की, खरी गंमत वर आहे. ती म्हणाली, "वरचे उतरतील रे. यांना हलता येत नाही, म्हणून यांचे पाय बघण्यासारखे आहेत." तेव्हा मला ते नुसतं हुशारीचं बोलणं वाटलं. ती पानं मी नंतर मागितली तर दिली नाहीत.

आता ते सांगतो, जे सांगायला मला इतकी वर्षं तोंड नव्हतं. हैदराबादच्या एका स्टुडिओला की काढणारं माणूस हवं होतं. जागा एकच. ठाण्यात परीक्षा होती आणि सरांनी दोघांची नावं पाठवलेली, वृषालीचं आणि माझं. आपली दहा चित्रं घेऊन जायचं आणि तिथे बसून एक पात्र उभं करून दाखवायचं. माझी चित्रं तयार होती, हात सोडून. आदल्या दिवशी दुपारी मी ती घेऊन तिच्याकडे गेलो आणि नुसता बसून राहिलो. तिने एकेक कागद ओढला आणि दोन तासांत माझ्या दहाही चित्रांतले हात काढून दिले. मधे एकदा उठून बाबांची मूठ उघड-मीट केली, आणि त्याच हाताने येऊन पुढचा हात काढला. ती उद्या माझ्याविरुद्धच परीक्षेला बसणार होती, हे दोघांनाही माहीत होतं. शेजारच्या काकू दिवसभर बाबांजवळ थांबणार असं ठरलेलं. नोकरी लागली तर नाशिकची ताई बाबांना घेऊन जाणार, हेही ठरलेलं. वृषालीने नवी चप्पलसुद्धा घेतलेली.

ती आली नाही. मी दहा वाजेपर्यंत त्या इमारतीखाली उभा राहिलो, मग समोरच्या पीसीओवरून तिच्या घरी फोन केला. तिनेच उचलला. म्हणाली, तू जा, बाबा नको म्हणतायत. आणि मला बरं वाटलं. लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं. आत त्या साहेबांनी माझी चित्रं बघितली, हातांपाशी थांबले आणि विचारलं, हे कुणाकडून शिकलात? मी म्हटलं, सरावाने. परीक्षेत जे पात्र काढलं त्याच्या काखेत मी कलिंगड दिलं आणि दुसरा हात पाठीमागे नेला. जागा मला मिळाली. चार वर्षं मी हैदराबादला होतो, की काढत होतो, पडद्यावर माझं नाव येत होतं, आणि हातांची वेळ आली की शेजारच्याला म्हणायचो, यार, एवढं जरा बघ ना.

परत आलो तो ठाण्यातल्या स्टुडिओत, आता चार माणसं हाताखाली. मधली काढायला घरून काम करणारी माणसं हवी होती. मी वृषालीकडे गेलो. खाट तिथेच, खुर्ची तिथेच, "थांब" तोच. फक्त बाबा लहान झालेले आणि ती मोठी. त्यानंतर मी मोटारसायकलवरून कागदांचे गठ्ठे नेऊन द्यायला लागलो. प्रत्येक कामाच्या कागदावर कडेला एक शिडीसारखी खूण असते, पहिल्या आणि शेवटच्या चित्राच्या मधे किती चित्रं आणि कुठे कुठे, ते सांगणारी. त्या शिडीखाली मी लिहायचो, मधली: वृषाली. किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. नंतर कागद गेले, कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर काढायचं आलं, गठ्ठ्यांच्या जागी फायली आल्या आणि माझं जाणंही कमी झालं. ती फायलीबरोबर तीन शब्द पाठवायची. 'हात चुकलेत. सुधारले.' माझ्या कीमधले हात ती मधल्यांतून गुपचूप दुरुस्त करायची, आणि स्टुडिओत मला लोक म्हणायचे, सर, तुमचे हात काय सुंदर चालतात.

एकवीस वर्षं ती त्या खोलीत होती. किराणा दोरीला पिशवी बांधून वर घ्यायची. नातेवाइकांच्या लग्नाला जायची ती अक्षता पडेपर्यंत, जेवणाला नाही. मधे एक स्थळ आलेलं, टिटवाळ्याचा बँकेतला मुलगा, भला होता. त्याने बाबांनाही घेऊन या म्हटलेलं. तिचं उत्तर कळण्याआधी त्यालाच कंटाळा आला असावा. मी एकदा रागाने म्हटलं, अगं, नाशिकच्या ताईकडे महिनाभर ठेव की त्यांना, तू माणूस आहेस का खाटेचा पाय? तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठली, दोन तास झालेले, मूठ उघडायची वेळ झालेली. मी चहा न घेता निघून आलो आणि तीन महिने फिरकलो नाही. हा माझा स्वभाव. ज्याचं वाईट वाटतं त्याच्यावरच मी ओरडतो.

पाच वर्षांपूर्वी बाबा गेले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तिच्या वतीने. आता फिर, आता शीक, आता काहीतरी स्वतःचं कर. ती हो म्हणायची. खाट काढली, पण टेबल तिथे नेलं नाही. मोकळ्या जागेला वळसा घालूनच चालायची. दर दोन तासांनी काम थांबवायची आणि काही न करता बसायची. एकदा बघितलं तर तिची स्वतःची बोटं उघडत होती, मिटत होती. त्या दिवशी मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. हातांपाशी साहेब थांबले ते, मी सरावाने म्हटलं ते, फोनवर मला बरं वाटलं तेही. ती म्हणाली, "ते हात माझे कुठे होते रे? बाबांचे होते."

आणि मग तिने त्या सकाळचं सांगितलं. तोवर तिने ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. काकू यायच्या होत्या. वृषाली तयार झाली, पिशवी घेतली, दारात बसून नव्या चपलेचा पट्टा लावला, एका पायाला. दुसरी घ्यायला उभी राहिली आणि मागून आवाज आला, थांब. "मी पाठमोरी होते," ती म्हणाली. "सगळ्या दुनियेला शिकवते मी, ऐकू नका, हाताकडे बघा. आणि त्या दिवशी मी ऐकलं. बघितलंच नाही." ती वळली तेव्हा हात खाली आलेला होता, चादरीवर. "त्यांना जा म्हणायचं असतं, तरी तोंडातून थांबच येणार होतं ना?" मी म्हटलं, मग विचारायचंस. तर म्हणाली, विचारलं. बरेचदा विचारलं. विचारलं की ते त्याच हाताने डोळे झाकून घ्यायचे. मी म्हटलं, आता तरी कोण अडवतंय तुला? ती हसली. म्हणाली, कुणीच नाही, तेच तर.

ती गेल्यावर महिन्याभराने ताईंचा पुन्हा फोन आला. जागा रिकामी करतोय, चित्रांचे कागद आहेत, तुम्हालाच कळेल काय ठेवायचं. गेलो. टेबलावर तिची जुनी काचेची पेटी होती, खाली दिवा लावून एका कागदावर दुसरा ठेवून काढायची. वर दोन कागद लावलेले, तीन भोकांचे, आमच्या जुन्या पद्धतीचे. पाटीवर काढायला लागून किती वर्षं झाली, पण हे कागदावर होतं. कोपऱ्यात एक आणि तेरा असे आकडे. मधली नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदा वृषालीने की काढलेल्या.

पहिल्या चित्रात ती खोली. खाटेवर बाबा, डावा हात उचललेला, तळवा समोर. थांब. दारात एक बाई पाठमोरी उभी, एका पायात चप्पल. तेराव्या चित्रात तोच हात वळलाय, मनगट खाली, बोटं दाराकडे. लहान मुलाला शाळेत पिटाळताना करतात तसा. जा. आणि बाईने मान वळवलीय, ती हात बघतेय. माझे डोळे सवयीने आधी भार कुठंय ते शोधायला गेले. पहिल्या चित्रात भार अनवाणी पायावर आहे, घरातल्या. तेराव्यात चपलेच्या पायावर, उंबऱ्याबाहेर. चेहरे साधे, चार रेषांचे. पण हात... असा हात मी आजवर कुठे बघितलेला नाही. कडेला तिने नीट शिडी आखलेली, अकरा चित्रांची. आणि शिडीखाली, पहिल्या वहीतल्या त्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, मधली: पाटील.

ताई चहा घेऊन आल्या तर मी हसत होतो आणि रडतही होतो, त्यांना वाटलं असेल या माणसाचं डोकं फिरलंय. अख्ख्या डोंबिवलीत, ठाण्यात, हात न येणारा माणूस एकच, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी काम मलाच लावून गेली. वाट बघितली असेल का तिने, मी कधीतरी जिना चढून येईन म्हणून? कागद पिवळट पडायला लागलेले. कधी काढले, तारीख नाही. विचारायला गेलो असतो तर तीन शब्दांत सांगितलं असतं.

काचेची पेटी आता माझ्या घरी आहे, खिडकीपाशी. रोज सकाळी कामाला निघण्याआधी तासभर बसतो. आरशात स्वतःचा डावा हात बघतो. तळव्यापासून मनगट वळेपर्यंत हात कुठून कुठून जातो, आधी बोटं सैल पडतात की आधी कोपर, हे माहीत आहे असं वाटतं आणि कागदावर येत नाही. चार झाली आहेत. बायको म्हणते, चांगली तर आहेत. चांगली नाहीत. हात बंडोपंतांचे वाटतात. घाई करता येत नाही, दुसऱ्या कुणाला देता येत नाही, आणि सोडता तर येतच नाही, कारण मधली झाल्याशिवाय तो हात वळणार नाही. पाचवं आज सकाळी चौथ्यांदा खोडलं. अंगठा चुकतोय. ती अजून दारातच उभी आहे, एका पायात चप्पल घालून.